काकूंचा हात राहू दे

आमच्या मराठी मंडळातलं कुणी वारलं की मी मंडळाच्या वेबसाइटवर एक शब्द वाढवते. बस, एवढंच काम. सचिवकाकांना मी हे एकदा असंच बोलून दाखवलं तर ते नाराज झाले. "बेटा, ऐसे नहीं बोलते," म्हणाले. पण काम तेवढंच आहे, आणि ते तेवढंच असावं म्हणून मी एके काळी आठवडाभर डोकं फोडून घेतलं होतं.

साइटवर सभासदांचं एक पान आहे. प्रत्येकाचा एक चौकोन: वर फोटो, खाली नाव, मूळ गाव आणि सगळ्यात शेवटी फोन नंबर, दाबला की थेट लागणारा. जबलपुरातली मराठी घरं विखुरलेली. कुणी आमच्यासारखे इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यात, कुणी पार दुसऱ्या टोकाला, कुणाची मुलं पुण्या-बंगळुरात. म्हातारी माणसं सकाळची पूजा आटोपली की हे पान उघडतात. कुणाचा वाढदिवस, कुणाकडे नातू झाला ते बघतात, आणि खरं सांगायचं तर कुणाला हार चढला तेही बघतात.

हा हार पूर्वी फार वाईट असायचा. माझे बाबा गेले तेव्हा कुणीतरी मोबाइलवर त्यांच्या फोटोला हार चिकटवून पाठवला. हार चष्म्यावरून गेलेला, फुलं जांभळट, खाली पिवळ्याधमक अक्षरांत 'भावपूर्ण' आणि पुढचा शब्द चौकटीबाहेर. तेराव्याच्या गडबडीत मी तो तसाच पानावर टाकला. आईने बघितला आणि म्हणाली, "हे काहून असं लावलं गं? गॅदरिंगला उभे असल्यासारखे दिसून राहिले ते." आईने जन्मभर इथल्या हिंदी शाळेत भूगोल शिकवला. चूक दिसली की तिला राहवायचं नाही, मग ती नकाशात असो की शोकात.

मी घरी बसून वेबसाइटी बनवते, त्यावरच पोट भरते. लोकांची पानं देखणी करायची आणि स्वतःच्या बापाचं असं ठेवायचं, याचा मला संताप आला. म्हणून मी तो हार मुळापासून केला. पानाच्या एका न दिसणाऱ्या कोपऱ्यात एसव्हीजी ठेवलं, म्हणजे रेघांनी आणि आकड्यांनी काढलेलं चित्र. त्यात फोटो कापायचा लंबगोल होता, कडा धूसर करणारा मास्क होता आणि रंग उतरवणारा फिल्टर. झेंडूचा हार निराळा काढला, पाकळी न् पाकळी. मापं शून्य ते एकच्या दरम्यान दिली, त्यामुळे फोटो तिकिटाएवढा असो की पानभर, लंबगोल त्याच्या मापाने बसतो. मग पानाचं रूप ठरवणाऱ्या स्टाइलशीटमध्ये नियम लिहिला: ज्या चौकोनाला 'स्वर्गीय' हा शब्द लागेल, त्याच्या फोटोला हे सगळं लावायचं. रंग दिवा घालवल्यासारखा एकदम जाऊ नये म्हणून फिल्टरमधला आकडा एकावरून शून्यावर हळूहळू उतरेल असं केलं.

बाबांचा रंग उतरताना आई माझ्या शेजारी बसली होती. "मग आता खरा फोटो गेला का?" तिने विचारलं.

"नाही. तो आहे तसाच आहे. शब्द काढला की परत दिसेल."

"आणि रंग कुठे जातो?"

"कुठेच जात नाही, आई. तो दाखवू नको, एवढंच सांगितलंय."

तिने मला तो शब्द काढायला लावला, परत लावायला लावला, परत काढायला लावला. मग म्हणाली, "राहू दे आता," आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे तिने बराच वेळ नळ सोडून ठेवला होता.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी पितृपक्षात, बाबांच्या तिथीला, आई गच्चीवर पान घेऊन गेली. खीर, वडे, भाजी, सगळं साग्रसंगीत. मी मागे पाण्याचा तांब्या घेऊन. आई "काव काव" करून बोलावत होती. शेजारच्या टाकीवरून एक कावळा उडाला, पानावर एक घिरटी घातली आणि सरळ आईच्या डोक्यावर येऊन बसला. जेवायला बोलावलेला पाहुणा यजमानिणीच्या डोक्यावर! मला हसू फुटलं. कावळा तिच्या केसांत पाय रोवून क्षणभर बसला, मग खाली उतरला आणि वडा घेऊन गेला. मी अजून हसतच होते, तेवढ्यात मला आईचा चेहरा दिसला.

"तुझे बाबा होते," ती म्हणाली.

"बाबांना वडे आवडायचे, कबूल. डोक्यावर बसायची सवय नव्हती त्यांना."

"न्यायला आले ते."

मी हातातला तांब्या खाली ठेवला. आईच्या पोटात गाठ निघाली होती आणि नवरात्र झाल्यावर ऑपरेशन ठरलं होतं. कशाची गाठ, ते काढल्यावर कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते. तोवर आईने त्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. कावळ्याने मात्र तिला बोलतं केलं.

आमच्याकडे विदर्भातल्या जुन्या माणसांत असं मानतात की डोक्यावर कावळा बसला तर ते मरणाचं लक्षण. त्यावर उपायही आहे. त्या माणसाच्या जिवाभावाच्या कुणाला तरी कळवायचं, की तो गेला. ऐकणाऱ्याने खरं समजून रडलं पाहिजे. एकदा रडणं झालं की मरणाचं देणं फिटलं, मग खरी गोष्ट सांगायची. आई वर्गात ग्रहण समजावून सांगताना मुद्दाम मुलींसमोर ग्रहणातच डबा उघडून खायची. तीच आई आता मला म्हणत होती, "काकूला फोन कर. मी गेली म्हणून सांग."

काकू म्हणजे आईची जन्माची मैत्रीण. दोघी एकाच शाळेत. काकूंचे यजमान जबलपूरजवळ बरगीला धरणावर नोकरीत होते. ते गेले, मुलाने तिकडेच शेती घेतली, मग काकूही तिकडेच राहिल्या. रोज संध्याकाळी दोघींचा फोन असायचा. काय भाजी केली यावर सुरू व्हायचा आणि कुणाच्या तरी सुनेवर संपायचा.

मी सरळ नाही म्हटलं. नुसतं नाही म्हटलं नाही, चिडून घर डोक्यावर घेतलं. शिकलेली बाई तू, काकूंच्या वयाचा तरी विचार कर, वगैरे. खरं कारण वेगळं होतं. एरवी माझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला, पण 'आई गेली' हे दोन शब्द माझ्या जिभेवर येईनात. खोटे म्हणूनसुद्धा येईनात. दोन दिवस आई जेवायची, गोळ्या घ्यायची आणि गच्चीच्या दाराकडे बघायची. मग तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसली.

"जिभेने नको म्हणू," ती म्हणाली. "तुझ्या त्या पानावर मला हार घाल. ती बघेल, रडेल. मग काढून टाक. खरा फोटो तर तसाच राहते ना?"

माझी आई घाबरली होती. मी तिला एवढं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं, बाबांच्या वेळीही नाही. मी पान उघडलं.

आईचा फोटो मंडळाच्या गणपतीतला, दोघींचे यजमान असतानाचा. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात दुकानदाराला रडवून घेतलेली हिरवी साडी, आणि खांद्यावर एक हात. हात काकूंचा. फोटो चौकोनात बसवताना काकू बाहेर गेल्या होत्या, पण त्यांचा हात राहिला होता, मनगटात सोन्याच्या पाटल्या आणि मधे लाल बांगड्या. मी आईच्या चौकोनाला तो शब्द लावला. झेंडू वर आला आणि रंग उतरू लागला.

"हिरवं आधी गेलं," आई पडद्याला नाक लावून म्हणाली.

"सगळं सोबतच जातं."

"नाही. हिरवं आधी गेलं." मग थोडं थांबून, "बरी दिसते मी. तुझ्या बाबांच्या बाजूला शोभून दिसेल."

मी तिला गप्प बस म्हणाले. काकू दुपारच्या चहाच्या वेळी हमखास पान बघायच्या. आम्ही दोघी टेबलापाशी बसून राहिलो.

पुढे जे झालं ते दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. हार, लंबगोल, फिल्टर, हे सगळं नुसतं फोटोच्या दिसण्याला असतं. खालचा मजकूर जिवंतच राहतो, नंबर दाबला की लागतो. काकूंना आमच्या घरचा दुसरा कुठलाही नंबर पाठ नव्हता. त्यांनी रडत रडत फोटोखालचा नंबर दाबला आणि टेबलावर आईचा फोन वाजला. आईने तो सवयीने उचलला.

"हॅलो, बोला."

पलीकडून हुंदके येत होते, ते मला खुर्चीत बसून ऐकू आले. मग ते तुटले. मग काकूंचा आवाज आला, बरगीहून फोनशिवायही आला असता एवढा. "भैताड बाई! तू बोलून राहिली? मी इकडे अर्धी मेली आणि तू बोला म्हणते?"

"रडली ना पण तू?" आईने विचारलं.

"रडली नाही तर काय नाचली?"

"खरंखुरं रडली?"

"पोळी तव्यावर जळून गेली, बाई. काय झालं काय तुला?"

आईने कावळ्याचं सांगितलं. त्यांनाही तो उपाय ठाऊक होता. "मग चांगलं केलं," त्या हळूच म्हणाल्या. "अजून थोडी रडू का?" आणि मग दोघी हसल्या, आणि हसता हसता दोघी रडल्या, आणि मी उगाच कीबोर्ड पुसत बसले.

शेवटी काकूंनी मला फोनवर बोलावलं. "काहून गं, माझा हात कुठे गेला? बघते तर खांद्यावर काहीच नाही. मला आधी तेच दिसलं."

मी सांगायला गेले, की काकू, तो लंबगोल सगळ्यांना सारखाच लागतो, त्याच्या बाहेरचं कापलं जातं. "ते मला नको सांगू," त्या म्हणाल्या. "हात राहू दे माझा."

"पुढच्या वेळी ठेवेल ती," आई शेजारून म्हणाली. मग काकू "चलो, पोळ्या राहिल्या," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी शब्द काढला. साडीत हिरवा परत आला, खांद्यावर पाटल्या-बांगड्यांचा हात परत आला. तेवढ्यात सचिवकाकांचा घाबरलेला फोन आलाच. मी म्हटलं, "काका, टेस्टिंग चल रही थी." त्यांना ते पटलं, कारण वेबसाइटीचं त्यांना काहीही पटतं.

ऑपरेशन चांगलं झालं. आई घरी आली, दिवाळीत तिने बसून का होईना अनारसे तळले. डॉक्टरांनी वाचवलं असं मी म्हणायची. ती म्हणायची, "गाठ डॉक्टरने काढली. मरण तिने काढलं," आणि बोट बरगीकडे करायची. मी वाद घातला नाही. मीही रोज सकाळी गच्चीवर पोळीचा तुकडा ठेवायला लागले होते, पण ते तिला सांगितलं नव्हतं. संक्रांतीला काकू येणार होत्या, तर त्या आधीच अंगणात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्यांचं अंथरूण धरणं तेव्हापासूनचं.

होळीनंतर आईचं दुखणं उलटलं. या वेळी डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावलं. पुढचं लिहीत नाही. ज्यांना कुणाला असं बाहेर बोलावलं असेल त्यांना माहीत आहे.

आईने एकच अट घातली: काकूला कळू द्यायचं नाही. "ती पडून आहे. आणि एकदा रडली ती माझ्यासाठी. किती वेळा रडवू?" संध्याकाळी फोनच्या आधी ती मला उशीला टेकवून बसवायला लावायची, दोन घोट पाणी प्यायची, घसा खाकरायची आणि मग खणखणीत आवाजात म्हणायची, "काय भाजी केली?" घरी वरणाचं पाणी जेमतेम पोटात जात होतं, आणि ती फोनवर भरल्या वांग्यांची कृती सांगायची. फोन ठेवला की डोळे मिटून पडायची. त्या वेळी मला तिचा राग यायचा आणि तिला कुशीत घ्यावंसंही वाटायचं. मी दोन्हीतलं काही न करता उशी सरळ करायची.

वैशाखात मी तिला सकाळी सकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसवायला लागले. कठड्यावर पोळीचे तुकडे, भात, एकदा तर वडेही. टाकीवर कावळे बसलेले असत. मी जिन्याच्या दारामागे उभी राहून मनात म्हणायची, ये ना. बस ना एकदा. तुकडे खाऊन कावळे उडून जायचे.

"मला इथे काहून बसवून राहिली गं?" आईने विचारलं.

"कोवळं ऊन बरं असतं."

"वैशाखातलं?" तिने टाकीकडे बघितलं, कठड्यावरच्या वड्याकडे बघितलं, आणि तिला सगळं समजलं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "चल खाली. बाबा एकदाच विचारायला येतात." आम्ही हळूहळू जिना उतरलो. त्यानंतर मी तिला वर नेलं नाही.

ती गेली ती एका दुपारी, हॉस्पिटलात. संध्याकाळच्या फोनआधी उठवायचं म्हणून मी तिला हलवलं, तेव्हा कळलं. नर्मदेच्या ग्वारीघाटावर सगळं झालं. कोण कोण आलं, कोण काय म्हणालं, काही आठवत नाही; आईचा फोनही त्या संध्याकाळी बंदच राहिला. काकूंच्या मुलाला दोनदा फोन लावला, लागला नाही. तिसऱ्यांदा लावायचा धीर झाला नाही. तो उचलेल आणि मला ते दोन शब्द म्हणावे लागतील, याचीच भीती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सचिवकाका म्हणाले, "बेटा, जब हो सके, पान का भी कर देना." मी लगेच बसले. हाताला काही तरी काम हवंच होतं.

शब्द लावायच्या आधी मी आईसाठी निराळा लंबगोल काढला. डावीकडे त्याला फुगवटा दिला, आकडे पुन्हा पुन्हा बदलून, काकूंची बोटं, पाटल्या, बांगड्या सगळं आत येईपर्यंत. करून बघितलं तर आईबरोबर हातही काळा-पांढरा झाला. काकू तर जिवंत आहेत. जिवंत माणसाचा रंग कसा काढायचा? मग मी तोच फोटो पुन्हा एकदा त्याच्यावर ठेवला, त्यातला फक्त हात कापून घेतला आणि त्याला फिल्टर लावला नाही. हारही थोडा सरकवला, जिवंत हातावर झेंडू पडू नये म्हणून. दुपार झाली. मग शब्द लावला. साडीचा हिरवा उतरला. आई बरोबर म्हणाली होती, हिरवंच आधी जातं, निदान बघणाऱ्याला तसं वाटतं. सगळं राखाडी झालं आणि खांद्यावरच्या लाल बांगड्या तेवढ्या राहिल्या.

बोटाने मी तो शब्द पुसला. आई रंगात परत आली. पुन्हा लावला. मग पान बंद केलं आणि चहा ठेवायला उठले.

फ्रिजवर ठेवलेला आईचा फोन वाजला. चहाची वेळ. कुणाचा फोन आहे ते मला बघावं लागलं नाही. वाजू दिला. थांबला, परत वाजला. मी उचलला, "हॅलो" म्हणाले. फोनवर माझा आणि आईचा आवाज सारखा येतो, सगळे फसतात.

"काय गं!" काकू खळखळून हसत होत्या. किती दिवसांनी त्या अशा हसत होत्या. "परत बसला का कावळा? पण या वेळी नाही फसली मी. मला पडल्या पडल्या दिसलं, हात राहू दिला माझा! रंगीत! पोरीनं लक्षात ठेवलं हो. खरं असतं तर एवढं नटवत बसली असती का ती? हॅलो? बोल ना."

"काकू, मी आहे."

"अच्छा, तू होय. दे तिला. सांग, म्हणावं, मी रडत नाही जा."

चहा उतू गेला. गॅस बंद करायचं मला सुचलं नाही.

"दे ना गं तिला फोन."

"काकू," मी म्हणाले, "रडा."